जतची बारा मेंढरं आणि सगळ्यांचा डेटाबेस

सगळ्यांत आधी कोण हजर म्हणाल, तर कंपनीचा साहेब! आम्ही मेढ्याहून दोन दिवस करून जतला पोचतोय, तर हा बाळक्काच्या अंगणात खुर्ची टाकून चहा पितोय. बाळक्का म्हणजे तिथल्या मेंढपाळ संघाची अध्यक्ष. पण थांबा, मी का निघाले ते सांगायचं राहिलंच.

माझी नात प्राजू पुण्यात संगणकाचं काम करते. डेटाबेस म्हणजे नोंदींचं कपाट, मागाल ते नेमकं हाती देणारं. मी चौथी शिकलेली, मला तिनं असंच समजावलं. हे कपाट बनवणाऱ्यांनी ते आराखड्यासकट सगळ्यांना वाटलं होतं. घ्या, सुधारा, पुढं द्या. मग एका कंपनीनं बनवणाऱ्यांनाच विकत घेतलं आणि सांगितलं, यापुढचं कपाट आमच्या कुलपाचं. पण आधी वाटलेलं परत कसं मागणार? प्राजूनं आणि तिच्या चार मैत्रिणींनी जुन्या आराखड्यावरून आपलं कपाट चालू ठेवलं. जतच्या संघानं ते घेतलं तर बाकीचे संघ घेणार, नाहीतर पोरी काम बंद करणार. तिचं उतरलेलं तोंड बघून मी म्हटलं, "चल, मीबी येते."

मेढा-सातारा एसटी, मग सांगली. मी पंच्याहत्तरी ओलांडलेली, मला तिकीट नाही. प्राजूला बाई म्हणून अर्धं. आधार कार्ड वरच ठेवा, पिशवीच्या तळातून काढेस्तोवर कंडक्टर कावतो. सांगलीत भाचीकडं मुक्काम केला, लसणाचं भडंग खाल्लं. सकाळी जतची गाडी. कवठेमहांकाळपर्यंत द्राक्षांचे मांडव, पुढं मोकळं रान आणि पाण्याचे टँकर. आमच्या जावळीत पाऊस नको नको होतो, आणि इथं हे! पाण्याची बाटली भरूनच बसा.

तर अंगणात. प्राजूनं संघाच्या मेंढरांच्या नोंदी कंपनीच्या कपाटातून आपल्या कपाटात आणल्या आणि दारातली मेंढरं नावानं मोजायला घेतली. संगणकात बारा जास्त निघाली.

"बघा," साहेब म्हणाला, "फुकटच्या मालात असं बिघडतं." बाळक्कानं सहीसाठी ठेवलेला कंपनीचा कागद जवळ ओढला.

मी यादी वाचायला लावली. चांदी नावाची मेंढी दोनदा, एकदा सासऱ्याकडं, एकदा जावयाकडं. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला विचारलं, "आवं, ही चांदी कुणाची?"

"लेकीची. लग्नात दिली. पर चरती माझ्याकडंच."

"मग लिवली कुणी?"

"मी लिवली. जावयानंबी लिवली आसंल!"

बायका खोखो हसल्या. तिथली रीतच तशी, लेकीला दिलेली मेंढी बापाच्याच कळपात वाढते. बाराच्या बारा लेकींच्या निघाल्या. कंपनीच्या कपाटात बघितलं, तर तिथंही तीच बारा! म्हणजे प्राजूनं काही बिघडवलं नव्हतं, केसाइतकाही फरक नव्हता.

बाळक्कानं विचारलं, "सायेब, धनीण एक आन् चारणारा दुसरा, आशी एकच नोंद हुईल?"

"वर कळवतो. पुढच्या आवृत्तीत बघू."

प्राजू म्हणाली, "आक्का, भाकरी होईस्तोवर करते."

आणि केलं की! पिठलं चुलीवर असतानाच मेंढरं जुळली. बाळक्कानं कागद परत दिला. "सायेब, रिकाम्या हातानं चाललाय, रिकाम्या पोटानं नगा जाऊ." तो बिचारा मुकाट जेवला, दोन भाकरी जास्तच.

जेवताना बाळक्का म्हणाली, "पोरी, उद्या तू कट्टाळलीस, तर ह्येला बघणार कोन?" प्राजू माझ्याकडं बघायला लागली. मग बाळक्काच म्हणाली, "आमच्या पोरींना शिकीव." आणि तिनं आपली बारावी झालेली लेक रेणुका आमच्याबरोबर धाडली. धाडली कसली, स्वतःही गाडीत बसली!

मेढ्यात चार दिवस राहिल्या. धुक्यात घोंगडं लपेटून बाळक्का मला म्हणायची, "कसं ऱ्हाताय वं ह्या चिखलात?" आत रेणुकानं कपाटातली एक चूक स्वतः शोधून सुधारली. प्राजूच्या पुण्याच्या चौघी मैत्रिणींनी ती तपासून कपाटात घेतली. आता ती सुधारणा ज्याच्याकडं ते कपाट आहे त्या सगळ्यांची.

मला त्यातलं अर्धं कळलं असेल. पण कुलपाच्या भीतीनं निघालेली प्राजू घरी आली ती गाणं म्हणत, हे डोळ्यांनी बघितलं. कंपन्या उद्या आणखी काय काय विकत घेतील. आपल्याकडं रेणुका वाढवायला हव्यात, एवढं मला पटलंय.

निघताना बाळक्का एसटीच्या खिडकीतून ओरडली, "आजी, पुनवंनंतरच्या सोमवारी येतो शिकायला. दोघी न्हाई, सहा जणी!"