कॅसेटवर चढलेला सूर

नव्वदच्या दशकात सायखेड्याच्या एका भजनी बुवांबरोबर मी भजनांची कॅसेट करायला घेतली होती. मी नाशिक रोडला घरी पेटी वाजवून टेप करायचो आणि ती टेप एसटीच्या कंडक्टरकडे देऊन त्यांना पाठवायचो. बुवांना मळा सोडून येता येत नसे. ते तिथेच माझी पेटी ऐकत गायचे आणि दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर आवाज भरून परत पाठवायचे.

वरच्या सुरांना त्यांचा आवाज दर वेळी फाटायचा. फोनवर ते म्हणाले, "मास्तर, पेटी लय चढी लागती हो."

"आपली नेहमीचीच पट्टी आहे बुवा, काळी दोन. तुमचा रियाज कमी पडतोय," मी म्हणालो. तिसऱ्या खेपेनंतर मी शहरातल्या एका गायकाला समोर बसवून सगळी भजनं गाऊन घेतली.

वर्षभराने माझा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला गेला. कारागीर म्हणाला, "मोटर कधीची हळू चालतीये. यावर भरलेलं दुसरीकडे चढंच वाजणार." मी हे बुवांना कळवलं नाही. आधी लाज वाटली, मग उशीर झाल्याची आणखी लाज वाटली.

शेवटी सहा वर्षांनी सायखेड्याला गेलो. बुवांनी गाणं सोडलं होतं. भजनात ते आता नुसते टाळ वाजवायचे. मी सगळं सांगितलं. ते आतल्या बायकोला ओरडून म्हणाले, "ऐकलं का गं, गळा चांगला व्हता माझा!" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमाला कधी कळलं, मास्तर?"

"सहा वर्षं झाली," मी म्हणालो. बुवा उठले आणि मला तिथेच सोडून मळ्याकडे निघून गेले.