बाटल्यांचं भाडं

आमचे हे अकरा वर्षं दुसऱ्याचा ट्रक चालवत होते. शेठच्या नऊ गाड्या होत्या आणि ड्रायव्हरांना तो गाडीच्या नंबरानेच हाक मारायचा. लग्नानंतर एकदा निरोप द्यायला मी त्याच्या ऑफिसात गेले, ह्यांचं नाव सांगितलं, तर कोणाला काही कळेना. शेवटी कारकून म्हणाला, "अहो, म्हणजे सात नंबरच्या मिसेस का तुम्ही?"

ह्यांना गाडी शिकवली ती चार नंबरने. त्यांना सगळे वस्ताद म्हणत. ह्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, आणि आवाज असा की इंजिन चालू असतानाही रस्त्यापलीकडे ऐकू यावा. पहिल्यांदा मोठा उतार उतरताना ह्यांनी सारखे ब्रेक दाबले आणि चाकांतून धूर निघाला. वस्तादांनी शिवी दिली नाही. ह्यांना खाली उतरवून चाकाजवळ हात न्यायला लावला. "लागली धग? आता जन्मात विसरणार नाहीस. उतार गिअरवर उतरायचा, ब्रेकवर नाही."

पुढे वस्तादांनी शेठची नोकरी सोडली, स्वतःचा जुना ट्रक घेतला आणि काचेच्या बाटल्यांच्या कारखान्याचं भाडं मिळवलं. रोजची एक फेरी, ठरलेली. मग ते ह्यांच्या मागे लागले. "किती दिवस सात नंबर राहणार आहेस? दुसऱ्याच्या गाडीत माणूस म्हातारा होतो, मोठा होत नाही." कर्जाला जामीन कोणी राहीना, तर तेच राहिले. सही करताना मला म्हणाले, "सूनबाई, हा बुडाला तर मीही बुडालो. म्हणून पोटभर जेवू घालत जा त्याला."

आम्ही ट्रक घेतला. लोकांना वाटतं, गाडी दारात आली की घरात पैसा येतो. गाडी दारात उभी राहिली की ती घर खाते, हे मला पहिल्या दोन वर्षांत कळलं. मालासाठी दलालाच्या बाकावर दिवसदिवस बसायचं. जायचं भाडं मिळालं तर यायचं मिळत नसे. रिकामी गाडी परत आणायची म्हणजे डिझेल आपल्याच खिशातलं. एका महिन्यात गाडी बारा दिवस हलली नाही. हे रोज सकाळी उठून ती पुसायचे. मी म्हटलं, "आणखी पुसलीत तर रंग जाईल." हसले नाहीत. आम्ही एका खोलीत राहत होतो, आणि वाण्याची नजर चुकवायला मी मुलीला शाळेत मागच्या गल्लीने नेत होते.

अशात वस्तादांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. महिनाभर गाडी चालवायची नव्हती. त्यांनी ह्यांना बोलावून सांगितलं, "माझ्या फेऱ्या तू मार. भाडं तूच घे. बाहेरचा माणूस तिथे घुसायला नको."

तिसऱ्या आठवड्यात हे दुपारीच घरी आले. मी कपडे वाळत घालत होते. दाराच्या चौकटीत उभं राहून म्हणाले, "मॅनेजरने दर विचारला. म्हणाला, वस्तादांचा करार संपतोय. तुमची गाडी नवी आहे, बाटल्या कमी फुटतात. वर्षाचं बोलू."

"मग?"

"मग काय? नाही म्हणून सांगणार उद्या."

माझ्या हातात मुलीचा शाळेचा झगा होता, काखेत दोनदा शिवलेला. मी विचारलं, "वस्ताद किती घेतात?"

ह्यांनी आकडा सांगितला.

"मग त्याच्यापेक्षा थोडं कमी सांगा."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माझं आहे. तुम्ही नाही म्हणालात म्हणून तो मॅनेजर वस्तादांना ठेवणार आहे का? तिसरा कोणीतरी येईल. वस्तादांचं जायचं ते जाणारच. मग आपण का उपाशी राहायचं?"

हे माठाकडे वळले. पाणी प्यायले आणि गेले. ते दर सांगून आले, हे मला त्यांच्या जेवणावरून कळलं. ताटातलं अर्धं तसंच राहिलं होतं.

वस्तादांना आम्ही सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत महिना संपला. ते बरे झाले आणि गाडी घेऊन कारखान्याच्या फाटकावर गेले. वॉचमनने हात आडवा केला. "तुमची गाडी बंद झाली. मॅनेजरसाहेबांना विचारा." पुढे रांगेत आमचा ट्रक उभा होता. ह्यांनी आरशात वस्तादांना गाडीतून उतरताना पाहिलं, पोटावर हात धरून सावकाश चालत येताना पाहिलं, आणि ह्यांना वाटलं, आता कॉलर धरतील. धरली असती तर बरं झालं असतं. वस्तादांनी मागच्या चाकाला हात लावला, खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "आतला टायर मऊ आहे. काचेचा माल आहे, हवा बघून घे." एवढं बोलून परत फिरले.

त्यानंतर आमचं बरं झालं. खोटं का बोलू? हप्ते वेळेवर गेले. दुसरी गाडी आली, दोन खोल्यांचं घर झालं, मुलीला चांगल्या शाळेत घातलं. वाणी मला 'वहिनी' म्हणू लागला. वस्तादांची जुनी गाडी मात्र महिना-महिना उभी राहायची. वर्षभरात ती भंगारात गेली. जामिनाच्या कागदावर त्यांची सही तेव्हाही होतीच. ती काढून घ्या, असं ते कधी म्हणाले नाहीत.

दुसऱ्या गाडीसाठी ड्रायव्हर हवा होता. एका सकाळी वस्ताद आले. खुर्चीच्या कडेला बसले, प्लास्टिकच्या पिशवीतून लायसन्स काढून टेबलावर ठेवलं. "ड्रायव्हर बघतोयस असं कळलं, शेठ."

त्यात टोमणा नव्हता. ते मालकाला जसं म्हणतात तसंच म्हणाले. हे उठून उभे राहिले. "वस्ताद, मला शेठ म्हणू नका. तेव्हा मी..."

"पगार काय?" वस्तादांनी मध्येच विचारलं.

पहिल्या महिन्याला ह्यांनी पाकिटात जास्त घातले. वस्तादांनी समोरच मोजून वरचे परत ठेवले. "बाकीच्यांना देतोस तेवढेच दे."

तीन वर्षं त्यांनी आमची गाडी चालवली, ह्यांना शेठ म्हणत. एकदा खड्ड्यात गाडी आदळून खोकीच्या खोकी फुटली. हे त्यांच्यावर हमालांसमोर ओरडले, "डोळे फुटले का तुमचे?" वस्ताद म्हणाले, "चुकलं." डोळे खरंच अधू झाले होते; मोतीबिंदू होता आणि नोकरीच्या भीतीने त्यांनी तो लपवला होता. ऑपरेशनचा खर्च ह्यांनी न विचारता दवाखान्यात परस्पर भरला. वस्ताद पुन्हा कामावर आले नाहीत.

ह्यांना जायचा धीर होईना, म्हणून मी गेले. वस्ताद आत झोपले होते, डोळ्यावर पट्टी. त्यांच्या बायकोने मला स्वयंपाकघरात बसवलं आणि समोर भाजी निवडत बसली. मला राहवलं नाही. म्हटलं, "काकू, दर कमी सांगा असं मीच म्हणाले होते."

तिने मान वर केली नाही. "मला माहीत आहे गं. पोरं उपाशी असती तर मीही हेच म्हणाले असते." मग देठं बाजूला सारत म्हणाली, "आधी येऊन सांगितलं असतंस, तर मी ह्यांना फाटकापर्यंत जाऊ दिलं नसतं. एवढंच."

मी निवडलेल्या देठांकडे बघत बसले. मग उठले.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काकू काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "बऱ्या आहेत," आणि कणीक मळायला घेतली.