डिंकाची बोटं

काल दादा त्याच्या मेडिकलच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म घेऊन आला. "तुझा फोटो चिकटव आणि खाली सही कर," म्हणाला. डिंकाची बाटली उघडली, तो आंबूस वास नाकात शिरला आणि मी थेट नाशिकच्या फार्मसी कॉलेजातल्या खिडकीपुढे जाऊन उभी राहिले.

बारावीला मला चांगले मार्क पडले होते. औषधं विकायची नव्हती मला, ती बनतात कशी ते शिकायचं होतं. डिग्रीचा फॉर्म दोन दिवस बसून, एकही खाडाखोड न करता भरला होता. खिडकीशी आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, तो माझ्या हातातून काढून घेतला आणि क्लार्कला म्हणाले, "डिप्लोमाचा द्या."

"अहो, डिग्रीला सहज नंबर लागेल की तिचा."

"चार वर्षं कशाला? दोन वर्षांत परवाना मिळतो ना? हिच्या परवान्यावर पोराला पिंपळगावात मेडिकल टाकून द्यायचं हाय."

पोरगा म्हणजे दादा, बारावीला दोनदा नापास. नव्या फॉर्मवर आप्पांनीच माझा फोटो चिकटवला आणि डिंकाची बोटं माझ्या भरलेल्या फॉर्मला पुसली. घरासाठी एवढं करायलाच हवं, असं तेव्हा मला वाटलं. आज सगळ्यात जास्त संताप त्या वाटण्याचाच येतो. इतकी वर्षं गल्ल्यावर दादा बसतोय आणि मी नुसता परवाना होऊन भिंतीवर फ्रेममध्ये लटकतेय.

काल मी फोटो चिकटवलाच नाही. बोटांना लागलेला डिंक दादाच्या फॉर्मला पुसला आणि सही न करता तो त्याच्या हातात दिला.