पत्र नको, पाकीट दाखवा

शिंप्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काजं-बटणं करण्यात जिचा जन्म गेला, तिला सगळे काजवालीच म्हणत. अक्षरओळख बेताची. पण लढाईवर गेलेला तिचा एकुलता एक पोरगा बेपत्ता झाल्याची तार आली, आणि पंधरवड्यानं चक्क त्याचंच पत्र आलं. ‘मी मजेत आहे. मोजे पाठवू नका, पायाला लहान होतात.’ तारखेची ओळ तपासनिसांनी काळी केलेली. लष्करी टपालाचा शिक्का मात्र तारेनंतरचा!

"तारवाल्यांना काय अक्कल!" काजवालीनं निकालच देऊन टाकला.

शेजारचे टपालमामा मागच्या लढाईत लष्करी टपालात होते. त्यांनी सगळी जुनी पाकिटं मांडून घेतली. "हा गोल शिक्का टपालाचा. हा त्रिकोणी, पत्र तपासणाऱ्या साहेबाचा. पलटण बदलली की साहेब बदलतो, आकडा बदलतो. आधीच्या सगळ्यांवर एकवीस, ह्याच्यावर अठ्ठ्याऐंशी. वहिनी, पोरगा दुसऱ्या पलटणीत गेलाय! कागद मागाहून पोचतात, म्हणून घोळ." मामा थापा मारत नव्हते. त्यांच्या लढाईत असंच होतं.

झालं! त्या दिवसापासून बाई अठ्ठ्याऐंशीच्या मागे हात धुऊन लागली. टपाल कचेरीच्या खिडकीशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना अडवायची, "ताई, जरा पाकीट बघू. पत्र नको, पाकीटच." खिडकीतला कारकून वैतागायचा, "मावशी, इथं काय प्रदर्शन भरलंय?" बायका तिला बघून पाकिटं पदराखाली लपवू लागल्या. इकडे काजं वाकडी व्हायला लागली, आणि दुकानाचे शिंपीमास्तर ती मुकाट्यानं उसवून स्वतः करत. सून ताट घेऊन मागे लागे, "आई, दोन घास तरी खा." "आधी त्याचा पत्ता लागू दे." सून बिचारी ताट झाकून ठेवी, आणि स्वतःही उपाशीच झोपे.

शेवटी पोस्टमननंच, पिच्छा सुटावा म्हणून, सांगून टाकलं की पलीकडच्या वस्तीतल्या इस्त्रीवालीकडे तिच्या नवऱ्याचं असलं एक पाकीट आलंय.

इस्त्रीवालीनं इस्त्री बाजूला उभी केली, हात पुसले आणि पेटीतून पाकीट काढून दिलं. त्रिकोण. अठ्ठ्याऐंशी. काजवालीला रडू आवरेना.

"अगं, सापडला! तुझा नवरा नि माझा पोरगा एकाच पलटणीत! त्याला लिही, म्हणावं माझ्या पोराला भेट. आई वाट बघतेय म्हणून सांग."

इस्त्रीवालीनं मान खाली घातली. "मावशी, हे आलं तेव्हा त्यांना जाऊन महिना झाला होता."

"म्हणजे?"

"त्यांच्या सामानात सापडलं. गेलेल्यांची न टाकलेली पत्रं एका कचेरीत गोळा करतात. तपासून, हा शिक्का मारून घरी पाठवतात. त्यांच्या पलटणीच्या साहेबांनी कळवलं होतं मला."

"पण अक्षर त्याचंच आहे गं! माझ्या पोराचं!"

"लिहिलं त्यानंच असेल, मावशी. टाकलं दुसऱ्या कोणीतरी."

काजवाली तिथंच कपड्यांच्या ढिगावर बसली. इस्त्रीवालीनं पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही. मग ती उठली. तोंडावरून पदर फिरवला आणि इस्त्रीवालीचा हात घट्ट धरला.

"असली पाकिटं आणखी कोणाकडे आली असतील, सांग ना. त्यांतला एक तरी घरी परत आला असेल. एक तरी असेल ना गं?"