उलट्या 'म'ची चौकशी

मॅडमनी पाटी माझ्यासमोर धरली. "हे काय आहे?"

पाटीवर 'म' होता, पण उलटा. डोक्यावरची रेघ पायाखाली. शेजारचे 'ग' आणि 'र'ही तसेच, शीर्षासन करत होते. पाटी साडेपाच वर्षांच्या ईश्वरीची. जूनमध्ये ती पहिलीत जाणार होती.

आमच्या अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या बाईंना आम्ही मॅडम म्हणतो. बाई वाईट नाहीत, कायम घाईत असतात. डॉक्टरांकडे तपासायला पाठवायच्या मुलांची यादी त्यांना त्याच दिवशी पाठवायची होती. "हिचं नाव टाका," म्हणाल्या. मी टाकलं. खरं तर मलाही तेच वाटत होतं. बाकीची पोरं नीट काढतात, ही एकटीच उलटं काढते, म्हणजे हिच्यातच काहीतरी असणार.

दुपारी तिचे वडील गजाननभाऊ तिला न्यायला आले. त्यांचा भाजीचा मळा आहे. सकाळी धामणगाव बढेच्या बाजारात माल टाकून मगच ते पोरीला आणून सोडतात. मी यादीचं सांगितलं.

"ताई, गावात एक डाव नाव पडलं का जन्मभर पुसल्या जात नाही. खरं सांगा, पोरीच्या डोक्यात काही कमी हाय काय?"

मी म्हटलं, ते डॉक्टर सांगतील. हे उत्तर मला अजून टोचतं.

आमच्याकडे अक्षरं रंगानं शिकवतात. मैद्याची पातळ खळ शिजवायची, त्यात हळद, गेरू, नीळ कालवायची. जमिनीवर मोठा कागद पसरायचा, भोवती पोरं गोल बसवायची. मी खडूनं मोठ्ठं अक्षर काढते. मग एकेकानं रंगात बोट बुडवून, आपल्या जागेवरूनच ते गिरवायचं. हाताला वळण लागतं, पेन्सिल नंतर. या पद्धतीचा मला भारी अभिमान होता.

त्या रात्री ती पाटी काही डोक्यातून गेली नाही. दुसऱ्या दिवशी 'म' काढून झाल्यावर मी उठले आणि ईश्वरीचं बोट कसं फिरतं ते बघायला तिच्या मागे जाऊन बसले. कागदाकडे पाहिलं. तिथून 'म' उलटाच दिसत होता.

बाकीची पोरं रोज जागा बदलतात. ईश्वरी सगळ्यात शेवटी येते, तेव्हा दारापाशीची एकच जागा उरते. ती बरोबर माझ्या समोर. एवढे महिने पोरीनं जे दिसलं ते इमानदारीनं गिरवलं होतं.

मी तिला उचलून माझ्या जागी बसवलं. तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, आज तुमचा 'म' चुकला."

मी मॅडमना फोन केला. म्हणाल्या, यादी कालच गेली, नाव काढायचं तर तुमची चूक लेखी द्या. बारा वर्षांच्या नोकरीत असं काही कधी लिहिलं नव्हतं. पण दिलं.

दुपारी पोरांना न्यायला आलेल्या बायांसमोरच मी गजाननभाऊंना सगळं सांगितलं. आदल्या दिवशीची गोष्ट त्या बायांच्याही कानावर गेली होती.

"म्हंजे पोरगी चांगली हाय?" त्यांनी विचारलं.

"एकदम चांगली. चूक माझी."

ते चिडतील असं वाटलं होतं. ते पायरीवर बसले.

"मंग काल म्या तिले मारलं काऊन?"

ईश्वरी तेवढ्यात चप्पल घालून आली आणि निळीच्या हातानंच त्यांच्या सदऱ्याला धरून घरी चला म्हणू लागली.

आता कागद भिंतीवर असतो आणि आम्ही सगळे एकाच बाजूला असतो. ईश्वरीचा 'म' सरळ व्हायला नऊ दिवस लागले. यादीत कुणाचं नाव टाकायच्या आधी मी आता त्या पोराच्या जागेवर बसून बघते. दोन मिनिटांचं काम आहे.