पाण्यात ठेवलेले देव

मुलाचा फोन येणं बंद झालं आणि मी देवावर उखडलो. मुलगा सैन्यात आहे, सीमेवर कुठेतरी उंचावर. नेमकं कुठे ते तो सांगत नाही, आम्ही विचारत नाही. भरतीला त्याला मीच धाडलं होतं, त्यामुळे त्याची बायको जड पोटाने घरात वावरताना दिसली की माझी मान खाली जायची. शेवटी एका सकाळी मी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि कुलदैवताचा टाक उचलला आणि पाण्याने भरलेल्या पातेल्यात ठेवला. अडीअडचणीला देव असे पाण्यात ठेवतात आणि मागणं पुरं होईपर्यंत बाहेर काढत नाहीत. लोक हे विनवणी म्हणून करतात, मी धमकी म्हणून केलं. "पोराचा आवाज ऐकव, मगच बाहेर काढीन," असं बजावलं.

"अहो, देवाला कोंडतात का कुणी?" बायको म्हणाली.

"माझ्या पोराला नाही कोंडलं त्याने बर्फात?"

आम्ही खाडीकाठच्या दिवा गावात राहतो. इथे पाण्याची बोंब नेहमीचीच, पण त्या आठवड्यात नळही कोरडा आणि टँकरही फिरकला नाही. पिण्याची कळशी तळाला गेली. घरात पाणी उरलं ते देवांच्या पातेल्यात, सकाळीच कळशीतून घेऊन बदललेलं. दुपारी वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली बाई दारात उभी राहिली. खांद्यावर तिची छोटी मुलगी मलूल पडली होती. "थोडा पानी मिलेगा, अंकल? सुबह से उलटी कर रही है."

"नाही हो, आमच्याकडेही नाही," मी म्हणालो. सून आतून ऐकत होती. तिने सरळ पातेल्यात हात घातला, देव काढले, ओढणीने पुसले आणि देव्हाऱ्यात मांडले.

"अगं, काय करतेस! त्याच्यासाठी ठेवलेत ते!"

"माझा नवरा आहे तो, बाबा. काही व्हायचं असेल तर माझं होईल." तिने पाणी गॅसवर ठेवलं, उकळलं, साखर-मीठ घातलं आणि त्या मुलीला चमच्याने पाजत बसली. मी दारातच उभा होतो. देवाला आणि सुनेला, दोघांनाही तोंड दाखवायची मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. रांगेत हंडा घेऊन उभा असताना फोन वाजला. त्याचाच आवाज! ठिकाण बदललं होतं, रेंज नव्हती. टँकरचं सांगितलं तर तो खो खो हसला. "आम्ही इथे बर्फ वितळवून पितोय, बाबा, आणि तुम्ही खाडीकाठी तहानलेले!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाळंतपणाला सुट्टी नाही मिळायची. तिला तुम्हीच सांगा ना."

मी सांगितलं. ती क्षणभर भिंतीला टेकली, मग म्हणाली, "बरं. मग दवाखान्याची पिशवी आपणच भरू."

फोन का आला, हा हिशेब मी मांडत नाही. मी अट घातली होती, ती सुनेने मोडली, आणि तरीही मिळालं, एवढंच मला ठाऊक आहे. रात्री गुपचूप नव्हे, भर सकाळी, सगळ्यांदेखत मी देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो. क्षमा मागितली, आभार मानले, पोराची सुट्टी मागितली नाही. भांडणारा स्वभाव काही जात नाही, त्यामुळे आवाज चढलाच. म्हटलं, "तू त्याच्यापाशी थांब. इथलं आम्ही बघतो."