दोन शहाणी बटणं

जिभाऊ वायरमन कामाला आले की पहिला तासभर काहीच करत नसत. हत्यारांची पिशवी दाराशी ठेवून भिंतीला टेकून बसत आणि घरातल्या कुणाचा हात कोणत्या बटणाकडे जातो ते बघत राहत. सुरतेजवळच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेली माणसं या प्रकाराने बावरत. आम्ही जुने मात्र निवांत चहा टाकायचो.

बाजारातली नवी चीज त्यांना आधी ठाऊक असे. मोबाईलवर चालणारे दिवे, बोललं की फिरणारे पंखे, सगळं ते बसवून देत. पण कुणी अख्खं घर तसं करायला निघालं की त्याला आवरत. "घरमा दोनच बटन शहाना करा, बाकीना येडाच राहू द्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गीझरच्या सॉकेटला तर असलं स्वस्तातलं यंत्र ते लावूच देत नसत. एवढा भार त्याला झेपत नाही, हे शांतपणे समजावत. अशाने स्वतःचंच काम कमी होतं, याचं त्यांना काही वाटत नसे.

मी मात्र त्यांना न विचारता शहाणपणा केला. माझ्या वडिलांना, नानांना, अर्धांगवायू झाला होता. डाईंग मिलमध्ये आयुष्यभर उभ्याने राबलेला माणूस दिव्यासाठी हाका मारू लागला, आणि थोड्याच दिवसांत हाका मारणंही सोडून अंधारात बसू लागला. ते मला बघवेना. मी ऐटीत एक स्मार्ट बल्ब आणला आणि मोबाईल नानांच्या चालत्या, डाव्या हातात दिला. दुसऱ्याच संध्याकाळी बल्ब ढिम्म. खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरचं बटण बंद करायचं, ही आईची जन्माची शिस्त. तिथेच बंद केल्यावर बल्बला वीज येणार कुठून? मी चिडून बटणावर चिकटपट्टी लावली. आईने भिंत पुसताना ती काढून टाकली.

शेवटी जिभाऊंना बोलावलं. ते नेहमीसारखे तासभर बसले. आता आईला चार शब्द सांगतील, असं मला वाटलं होतं. ते त्यांनी मलाच सांगितले. "भाऊ, मानूसनी सवय बदलत नही, बटन बदलनं पडस."

स्मार्ट बल्ब उतरवून त्यांनी साधाच लावला आणि भिंतीवरच्या बोर्डामागे काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. आईचं बटण पहिल्यासारखं चालू राहिलं, आणि नानांच्या डाव्या हाताशी दिवा-पंख्याचा छोटा रिमोट आला. दोघांपैकी कुणीही लावावं, कुणीही मालवावं. इंटरनेटचीही गरज नाही. निघताना ते मला हळूच म्हणाले, "नानाले लाईट मांगनी नही पडाले जोयजे." दिव्यासाठी नानांना कुणाकडे मागावं लागू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी नानांनी दिवा पंधरा-वीस वेळा तरी लावला आणि मालवला. बिल येईल, असं आई एकदा पुटपुटली. पण तिने अडवलं नाही. पुढे जिभाऊ काम नसतानाही येऊ लागले. आजारपणाने अडखळती झालेली नानांची अहिराणी आम्हाला अर्धीच कळे, त्यांना सगळी कळायची. माझ्या वडिलांना पुन्हा हसताना मी त्यांच्यामुळे पाहिलं.

गेल्या वर्षी जिभाऊ गेले. झोपेतच गेले. मी हजीऱ्याहून ड्युटी संपवून आलो तेव्हा सोसायटीत बातमी पोहोचली होती, नानांना सांगायचं काम माझ्यावर आलं. संध्याकाळची वेळ होती, खोलीत दिवा होता. नानांजवळ बसून सांगितलं. मी बाहेर आलो. त्यांना धीर द्यायला आई आत जायला निघाली, तेवढ्यात त्यांनी आपल्या हाताने दिवा मालवला.

आई दारातच थांबली. भिंतीवरचं बटण तिच्या हाताशी होतं. तिने ते दाबलं नाही.